फायरिंग चालूय

मावशीशी व्हिडिओ कॉल चालू होता. विषय नेहमीचेच, कांद्याला भाव नाही, आणि मी अजून ती कामवाली का बदलत नाही. बोलता बोलता ती मधेच गप्प झाली. मला वाटलं नेटवर्क गेलं, म्हणून हॅलो हॅलो करायला लागले, तर स्क्रीनवर ती पदर सारखा करतेय, म्हणजे चित्र चालू. आणि मग तिच्या पाठीमागच्या काचेच्या कपाटातले कप किणकिणले. धडाम वगैरे काहीही फोनमधून आलं नाही, नुसती कपांची किणकिण आली. ती थांबली की हिने वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं, "तर तुझी ती बाई..." मी म्हटलं, "मावशी, काय झालं गं?" "कुठे काय? फायरिंग चालूय."

मला ते फायरिंग नाही खटकलं, तिचं थांबणं खटकलं. एक तोफ वाजली की मागोमाग बाकीच्या वाजतात, त्यामुळे पहिला आवाज आला की सगळ्या होईपर्यंत बोलून उपयोग नाही, हे तिच्या अंगात इतकं मुरलंय की मी विचारलं तर तिला स्वतःलाच माहीत नव्हतं ती थांबते ते. "मी कधी थांबले?" म्हणाली. नंतर पुढच्या कॉलला मुद्दाम लक्ष ठेवलं. काका थांबतात, शेजारची कल्पना दारात उभी राहून बोलत होती ती थांबली, अख्खं घर वाक्याच्या मधे थांबतं आणि पुन्हा सुरू होतं, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर काहीही नाही.

गावाचं नाव लिहीत नाही, लोक राहतात तिथे आमचे. घाटावर आहे, एका फायरिंग रेंजच्या, म्हणजे लष्कराच्या तोफांच्या सरावाच्या माळाच्या, कडेला, एवढं पुरे. काका स्वतः तोफखान्यातून सुभेदार होऊन रिटायर झालेत आणि त्यांच्या घरात टीव्हीचा आवाज एवढा असतो की फायरिंग झालं तरी ते बातम्यांच्या अँकरखाली दबून जावं. कान गेलेत. डावा जास्त. "आमच्या वेळेला कापसाचे बोळे कोंबायचो, ते पण साहेब बघत असला तर," असं हसत सांगतात. एका झटक्याच्या आवाजासाठी 140 डेसिबलच्या वर कानाला धोका धरतात, आणि 155 मिलीमीटरच्या तोफेपाशी उभं राहणाऱ्याच्या कानावर 170 च्या पुढचं येतं, तेव्हा कापूस काय करणार होता देव जाणे. पण काकांसमोर फायरिंगची तक्रार करायची नाही. मावशीने एकदाच केली होती म्हणे, लग्न नवीन असताना. "सराव नाय केला तर लढाईत काय फुलं टाकायची?" हे उत्तर आलं, आणि ते बरोबर असल्यामुळे विषय तिथेच मिटला. अशा तक्रारीचा मोठा प्रॉब्लेम हाच आहे, समोरचा बरोबर असतो.

मला स्वतःला तोफांचा आवाज आवडायचा हे आधी सांगून टाकते. आम्ही तेव्हा लालबागला चाळीत राहायचो, गिरण्या धापा टाकत का होईना चालू होत्या, सकाळी गॅलरीच्या कठड्यावरून बोट फिरवलं की काळं व्हायचं. आजोबांना दमा. डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीत शेवटी लिहायचेच, हवापालट. मुंबईकरांची हवापालट म्हणजे देवळाली, निरनिराळ्या समाजांची सॅनेटोरियम होती तिकडे, ओळखीने एखादी खोली मिळायची. भांडीकुंडी, स्टोव्ह, गाद्या, सगळं बोचक्यात बांधून न्यायचं. इगतपुरी मागे पडली की आजी खिडकीतून हात बाहेर काढून हवा चाचपायची, कापड बघतात तशी, आणि आजोबांना म्हणायची, घ्या आता श्वास. आणि तिथे, त्या प्रसिद्ध हवेत, व्हरांड्यात बसलं की लांबून धुम्म, धुम्म. देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे, 1941 पासून, कुणाला त्याचं काही वाटायचंच नाही. आम्ही मुलं आवाज मोजायचो. रात्री कधीकधी उजेडाचे गोळे सोडायचे, पॅराशूटला लटकत पिवळा दिवा हळूहळू खाली यायचा, आणि डोंगराची कड एकदम दिसायची आणि पुन्हा जायची. दिवाळीतसुद्धा तसलं काही बघितलं नव्हतं. आजोबांची धाप तिथे खरंच कमी व्हायची. म्हणजे माझ्या डोक्यात तोफेचा आवाज आणि चांगली हवा या दोन गोष्टी एकत्रच नोंदल्या गेल्यात, आणि मावशीच्या त्या थांबण्याने त्याच नोंदीला धक्का बसला बहुतेक.

व्हरांड्यात आठ दिवस ऐकणं वेगळं आणि जन्मभर ऐकणं वेगळं.

मग मी वाचायला लागले, रात्री जागून, जसं आपण कुठलंही दुखणं गुगल करतो तसं. एक गोष्ट कळली ती मला आधीच सुचायला हवी होती असं वाटलं. मावशी नेहमी म्हणते थंडीत फायरिंग जवळ येतं. मी समजायचे की थंडीत जास्त सराव करत असतील. ते असेलही, पण तोफ तिथेच असते आणि आवाज खरोखरच जवळ येतो. थंडीच्या रात्री जमीन आधी गार होते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि वरची हवा त्यामानाने उबदार राहते. एरवी वर निघून जाणारा आवाज या उबदार थराला लागून पुन्हा खाली वळतो आणि पाच-सात किलोमीटर लांबच्या घराच्या काचा हलवतो. दुपारी ऊन तापलं की तीच तोफ, तोच गोळा, आणि गावात कुणाला पत्ता नाही. आणि धूर, धूळ, तेही याच थराखाली अडकतं, पातेल्यावर झाकण ठेवावं तसं. म्हणजे ज्या सकाळी आवाज सगळ्यात वाईट त्याच सकाळी हवाही वाईट, दोन्हीला एकच झाकण. मावशीला हे फोनवर समजावलं तर म्हणाली, "ते माहितीये गं, शेकोटीचा धूर खाली बसला की त्या दिवशी कप वाजतात." झालं. माझ्या रात्रीच्या जागरणाचा निकाल एका वाक्यात.

हेच झाकण आपल्या मुंबईवरही बसतं, नोव्हेंबरपासून. समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो, बांधकामांची धूळ आणि गाड्यांचा धूर खालीच राहतो, आणि मग आपण सगळे सकाळी उठून आधी एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब त्याचा आकडा, बघतो आणि ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतो. माझ्याकडे तर बघायला हवा मोजायचं स्टेशनही आहे, कांदिवली पूर्वेलाच. आवाजाचं म्हणाल तर मुंबईएवढं मोजून घेणारं शहर देशात दुसरं नसेल, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आवाज फाउंडेशनचे आकडे पेपरात, गणपतीत कुठल्या चौकात किती, हॉर्न किती, हायकोर्टात याचिका. चांगलंच आहे ते. पण मला वाटायला लागलं की मोजायची ही सगळी व्यवस्था आपल्या जातीच्या त्रासासाठी बनलीय, न थांबणाऱ्या त्रासासाठी.

म्हणजे कसं बघा. 2000 सालचे ध्वनी प्रदूषणाचे नियम आहेत, राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. हा आकडा सरासरीचा असतो. दिवस म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10. आता समजा 90 डेसिबलचा एकेक सेकंदाचा दणका दिवसातून 10 वेळा बसला, बाकी वेळ गाव चिडीचूप. सरासरी काढली की साडेबावन्नच्या आसपास येते. पास! नियमात बसलं! मी हा हिशोब पुन्हापुन्हा केला कारण विश्वास बसेना. दहा वेळा घर हललं, वासरू दावं तोडून पळालं, आणि कागदावर गाव शांत. त्यातून तो मोजायचा स्केल, ए स्केल म्हणतात, माणसाच्या कानाच्या हिशोबाने बनवलेला, तो अगदी खालच्या सुराच्या आवाजाला फारशी किंमत देत नाही. 31.5 हर्ट्झच्या आवाजातून जवळजवळ 39 डेसिबल वजाच करून टाकतो. आणि तोफेच्या आवाजात मुख्य माल तोच, तो खालचा सूर, जो कानाला कमी आणि छातीला, भिंतीला, काचेला जास्त लागतो. त्यासाठी सी स्केल असतो, तो तिथे फक्त 3 वजा करतो. अमेरिकन लष्कर स्वतःच्या मोठ्या तोफांचा आसपासच्या वस्तीवरचा आवाज मोजताना सी स्केल वापरतं, शिवाय एकेका दणक्याचा सर्वोच्च आकडाही धरतं, कारण लोक सरासरीबद्दल तक्रार करत नाहीत, दणक्याबद्दल करतात हे त्यांना तक्रारी घेऊन घेऊन कळलं असावं.

मावसभावाच्या मुलाला सांगितलं होतं, मोबाईलवर डेसिबलचं अॅप टाक आणि मोज. पोराने हौसेने टाकलं. पुढच्या फायरिंगला कपाट वाजलं आणि अॅपवर 70 सुद्धा नाही. "आत्या, मिक्सर लावला की जास्त येतं," म्हणाला. खरंच आहे, मोबाईलचा माइक बोलणं पकडायला बनवलाय, तो खालचा सूर त्याला ऐकूच येत नाही, म्हणूनच मला त्या दिवशी फोनवर फक्त किणकिण आली होती. पण आता घरात तो आकडा फेमस झालाय. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, फायरिंगपेक्षा सुनेचा मिक्सर मोठा, मशीनने सिद्ध झालंय. माझ्याच युक्तीने माझी केस गेली!

हवेचं तर त्याहून अवघड. लोकांना वाटतं तोफेचा धूर म्हणजे बारुदाचा काळा धूर. तसा नसतो आता, आत जळणारा माल वेगळा आहे, पण कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड निघतातच, आणि गोळी पेटवणाऱ्या टोपीत पूर्वापार शिसं असतं, ते बारीक धुरात जातं. मात्र हे सगळं जास्तीत जास्त भोगतात ते तोफेपाशी उभे असलेले जवान, काकांसारखे. गावापर्यंत येते ती धूळ. रणगाडे आणि जड गाड्या एकाच माळावरून पुन्हापुन्हा गेल्या की वरचा घट्ट बसलेला पापुद्रा फुटतो, गवताचं मूळ सुटतं, आणि एकदा ते सुटलं की मग गाडी नसली तरी नुसत्या वाऱ्याने धूळ उठत राहते. जाड धूळ थोड्या अंतरावर खाली बसते, म्हणजे कुरडयांवर, कडब्यावर, पाण्याच्या टाकीत. बारीक असते ती तासन्तास तरंगते. फेब्रुवारी-मार्चमध्ये गोळा वाळक्या गवतात पडला की वणवा, त्याचा धूर वेगळा. मावशी म्हणते त्या दिवशी डोळे कांदा चिरल्यासारखे होतात, पण संध्याकाळपर्यंत संपतं सगळं. आणि एक्यूआयमध्येही धुळीची सरासरी 24 तासांची! सकाळचे दोन तास वाईट, बाकी दिवस गावची स्वच्छ हवा, आकडा एकदम हिरवा. अर्थात हे स्टेशन असतं तर. तिकडे मैलोन्मैल स्टेशनच नाही, त्यामुळे हा सगळा माझा मुंबईत बसून मांडलेला हिशोब.

तर मग कुणी काही ठरवलेलंच नाही का? ठरवलंय की, इंग्रजांनी. 1938 चा कायदा आहे, युद्धसराव आणि तोफखान्याच्या सरावाचा, अजून चालतो. राज्य सरकारने अधिसूचना काढून हद्द ठरवायची, सरावाच्या काळात धोक्याच्या पट्ट्यातून लोकांना हलवता येतं, आणि माणसाचं किंवा मालमत्तेचं नुकसान झालं तर भरपाई. वाचायला तसा बराच समजूतदार कायदा आहे. पण नुकसान म्हणजे दाखवता येईल असं पाहिजे. मेलेली शेळी दाखवता येते. भिंतीची भेगसुद्धा दाखवता येते, फक्त ती तोफेनेच पडली हे कसं सिद्ध करणार, पंचनामा करणारा आधी घराचं वय विचारतो. मोडलेली झोप, आटलेली म्हैस, दचकून उठणारं पोर, यांचा पंचनामा कुठल्या रकान्यात? आणि गावांची खरी भीती आवाजाची नाहीच मुळी, जमिनीची आहे. नगरकडच्या के. के. रेंजचं बघा, राहुरी, पारनेरच्या गावांमध्ये वर्षानुवर्षं एकच विषय, आमचं गाव हद्दीत घेणार का. ज्याची जमीनच टांगणीला आहे तो कपांच्या किणकिणीबद्दल अर्ज करेल कशाला, उलट जास्त बोललो तर नजरेत येऊ म्हणून गप्पच बसेल.

एवढं सगळं मनात साठवून मी लष्करावर चिडायच्या बेतात असते आणि घरी पोचते. माझं घर कुठे, तर सीओडीच्या, म्हणजे लष्कराच्या सामानाच्या डेपोच्या, भिंतीच्या अलीकडे. कांदिवली-मालाडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. भिंतीच्या या बाजूला टॉवर, टॉवरच्या मागे टॉवर, तयार काँक्रीटच्या आरएमसी प्लांटचे मिक्सर रात्री दोनला रिव्हर्स घेतायत, आणि भिंतीच्या त्या बाजूला झाडं. नुसती झाडं. सकाळी त्या बाजूने गार हवा येते, पावसाळ्यात बेडकं ओरडतात. तिथे तो डेपो नसता, लष्कराची हद्द नसती आणि भिंतीलगतच्या बांधकामांवर बंधनं नसती तर आत्तापर्यंत तिथे काय उभं राहिलं असतं ते सांगायला ज्योतिषी नको. कुलाब्याला नेव्ही नगरात गेलात की तेच, एवढी गर्द सावली दक्षिण मुंबईत फुकट कुठे मिळते? माझं ऑफिस त्याच बाजूला. नौदल दिन 4 डिसेंबरचा, त्याच्या आधी गेटवेवर रिहर्सल लागली की नौदलाच्या शिक्रा तळावरून उठलेली हेलिकॉप्टर अगदी डोक्यावरून जातात, आख्खं ऑफिस मोबाईल घेऊन गच्चीवर. मीही. जानेवारी 2024 मध्ये हवाई दलाने मरीन ड्राइव्हवर सूर्यकिरणची विमानं उडवली तेव्हा तर पोरांना खांद्यावर घेऊन लोक उभे होते. आपल्याला लष्कराचा आवाज असा मिळतो, तारीख-वेळ आधी पेपरात येऊन, वाहतूक कुठून वळवली त्याच्या नकाशासकट.

आणि गंमत म्हणजे पक्ष्यांचं मतही आपल्यासारखंच गोंधळाचं आहे. माळढोक घ्या. आपल्या सोलापूरला नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य केलं, आता तिथे तो दिसणं म्हणजे बातमी. जे थोडे उरलेत ते मुख्यतः राजस्थानात जैसलमेरकडे, आणि त्यातले काही चक्क पोखरणच्या फायरिंग रेंजमध्ये. बॉम्ब, रणगाडे, सगळं चालू असतं तिथे, पण नांगर नाही, विहीर नाही, रिसॉर्ट नाही. त्याला मारतात त्या मुख्यतः विजेच्या उंच तारा, उडताना दिसत नाहीत त्याला, हे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलंय. इंग्लंडमध्ये सॉल्सबरीच्या माळावर लष्कराने 1897 पासून जमीन घ्यायला सुरुवात केली, अजून तिथे सराव चालतो, आणि त्यामुळेच तिथलं जुनं गवत न नांगरता टिकलं, 2004 पासून तिथे माळढोकाचा युरोपातला भाऊ पुन्हा आणून सोडला. अर्थात त्याच माळावरचं इंबर नावाचं गाव 1943 मध्ये रिकामं केलं होतं, त्या लोकांना परत येऊ दिलं नाही. पक्षी परत आला. मला दोन्ही गोष्टी एकाच वेळी पटतात आणि त्रासही देतात, रेंज आहे म्हणून माळ वाचतो हेही खरं, आणि त्या वाचलेल्या माळाचं भाडं कडेची चार गावं भरतात हेही. मी भिंतीच्या कडेला राहून उलटं त्याचं भाडं वसूल करते, आमच्या बिल्डिंगच्या जाहिरातीत "ग्रीन व्ह्यू" लिहिलं होतं.

माझं म्हणणं एवढंच झालंय आता, फार मोठं नाही. सराव करा, करायलाच पाहिजे, त्यात काकांशी माझं काही भांडण नाही. पण थंडीत सकाळी झाकण बसलेलं असतं तेव्हाच्या मोठ्या तोफा दोन-तीन तास पुढे ढकलता येत असतील तर ढकला, हवामान तसंही तोफखान्याला नेमकं माहीत असतं, वारा आणि तापमान बघितल्याशिवाय गोळा नेम धरून पडतच नाही. कडेच्या एखाद्या शाळेत सी स्केलवाला मीटर लावा. आणि तारखा लोकांच्या फोनवर येऊ द्या. नोटीस निघते, नाही असं नाही, पण ती जिथे लागते तो बोर्ड गावात किती जणांनी पाहिलाय हा वेगळाच विषय.

परवा हे सगळं व्हिडिओ कॉलवर मांडलं. काका टीव्ही बंद करून ऐकत होते, म्हणजे विषय गंभीर. म्हणाले, "व्हॉट्सअॅपवर तारखा टाकायच्या? म्हणजे पाकिस्तानला वेगळं हेर पाठवायला नको." मी म्हटलं, काका, गेटवेची रिहर्सल पेपरात छापून येते. "ती बँडची," म्हणाले. मग त्यांचं आणि माझं बराच वेळ चाललं, पोरगा मधे मधे मिक्सरचा आकडा सांगत होता. शेवटी मावशीला विचारलं, तुला तारखा आधी कळल्या तर तू काय करशील? तिने जरा विचार केला.

"कुरडया त्या दिवशी गच्चीवर घालणार नाही. वासरू मागच्या गोठ्यात बांधीन. आणि ते कप काढून खाली ठेवीन, दोनाचे कान गेलेत."